आयत्या बिळावर व्हायरस

हे काकडीचं पान बघा. हिरवं, पिवळं, परत हिरवं, मधेच फोडासारखं उचललेलं. खत कमी पडलंय असं वाटेल, पण हा मोझॅक आहे, व्हायरसचा रोग, आणि एकदा शिरला की औषध नाही. बुरशीवर फवारा असतो, व्हायरसवर नसतो.

आणि हा मावा. सोंड खुपसली, रस चाखला, चालला पुढच्या झाडावर. फवाऱ्याने तो मरेपर्यंत व्हायरस आत पोचलेलासुद्धा असतो.

आत मात्र व्हायरसकडे स्वतःचं काहीच नसतं, प्रोटीन बनवायची यंत्रणा झाडाचीच वापरायची, म्हणजे अगदी आयत्या बिळावर नागोबा. त्यासाठी तो झाडाच्या ईआयएफ-फोर-ई नावाच्या प्रोटीनला चिकटतो (नाव विसरलात तरी चालेल). झाडाकडे त्याच कामाचं एक जुळं प्रोटीन आहे, त्यामुळे पहिलं बंद पडलं तरी झाडाचं अडत नाही, व्हायरसचं अडतं.

मग ते बंदच पाडायचं. या बशीत काकडीच्या बीजदलांचे तुकडे आहेत, त्यांच्यात क्रिस्परची कात्री सोडलीये, तीच 2012 ची, जिच्यासाठी डाउडना आणि शारपेंटिए यांना 2020 चं नोबेल मिळालं. कात्री ठरलेल्या जागी डीएनए कापते, पेशी तो घाईघाईत सांधते आणि सांधताना एखादं-दुसरं अक्षर चुकतं. आपल्याला ती चूकच हवी असते! हा बघा कोंब फुटला. पुढे रोपं वाढवायची, संकर करायचा, पुढच्या पिढ्यांतून कात्रीचा जीन नसलेली रोपं निवडायची, आणि जीनच्या दोन्ही प्रती मोडलेल्या पाहिजेत, एक जरी शाबूत राहिली तरी व्हायरसचं भागतं. 2016 मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी काकडीत हेच करून तीन व्हायरस अडवले. शेवटी हातात आलेल्या रोपात बाहेरचा जीन नाही, त्यामुळे त्याला सरसकट जीएमच्या (बाहेरचा जीन घातलेल्या पिकांच्या) रांगेत उभं करणं मला तरी पटत नाही.

ही केळी. इथे व्हायरस केळीच्याच डीएनएमध्ये झोपलेला असतो, पाण्याचा ताण पडला की जागा होतो. केनियातल्या टीमने त्या झोपलेल्यालाच कापलं, 2019 मध्ये, आणि ताण देऊनही एडिट केलेल्या 75 टक्के रोपांवर लक्षणं दिसली नाहीत.

कसावा नावाच्या कंदपिकात थेट व्हायरसला कापायला गेले तर तो बदलून निसटला, तेही झालंय.

आता या दोन कुंड्या. दोन्हींच्या पानांवर एकाच दिवशी तोच व्हायरस चोळला होता. डावीकडे साधी काकडी, उजवीकडे एडिट केलेली. बघा.