पावशा कानांनी ओळखावा

श्रोतेहो, नमस्कार. मृगाच्या तोंडावर भल्या पहाटे झाडीतून ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असं कानावर येतं, तो पावशा पक्षी. पण तोच उडत समोरून गेला, तर भलेभले ‘शिक्रा’ हा शिकारी पक्षी म्हणून मोकळे होतात. तशीच राखाडी पाठ, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी, उडण्याची ढबही तीच. आवाज आला की शंका मिटली.

अनोळखी आवाज ऐकलात तर नाव शोधायची घाई नको. आधी वहीत रेघा ओढा. पावशाचे तीन-तीन सूर, दर फेरीला एक पायरी वर आणि टिपेला पोचला की एकदम गप्प. कागदावर जिनाच उमटतो. तांबट पक्ष्याचं ‘टुक्‌ टुक्‌’ म्हणजे एका पातळीवरच्या टिंबांची रांग. तांबट चोच मिटून, गळा फुगवून ओरडतो आणि मान इकडेतिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज जागा बदलतोय असं वाटतं. दोन तांबट मोजू नका.

कोतवाल पक्षी मात्र अट्टल नकल्या. शिक्र्याचा आवाज असा काढतो की आवाजावरून पक्षी ओळखणारं मोबाइलचं अ‍ॅपही फसतं. अ‍ॅपनं सुचवलेलं नाव हा पुरावा नव्हे. दोन-चार मिनिटं थांबा, बहुधा तो स्वतःच्या बोलीवर येतो. ध्वनिमुद्रण करताना तारीख-ठिकाण शेवटी बोला. सुरुवातीलाच बोललात तर पक्षी उडायचा. आणि विणीच्या काळात मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला असं समजून नर घरटं सोडून भांडायला येतो.

आता आयुष्यभराची यादी, म्हणजे आजवर भेटलेल्या सगळ्या पक्ष्यांची वही. नुसता ऐकलेला पक्षी लिहावा का? जरूर, पुढे ‘ऐ’ असं मांडून. रातवा या निशाचर पक्ष्याच्या जाती दिसायला इतक्या सारख्या, की तिथे ‘ऐ’चीच नोंद जास्त भरवशाची. मराठी नावं गावागणिक बदलतात, म्हणून शास्त्रीय नाव, तारीख आणि ठिकाण हवंच. नव्या मुलुखात जुनाच पक्षी भेटला तरी टिपून ठेवा. २०२४मध्ये ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळानं गव्हाणी घुबडाच्या एका जातीच्या तीन केल्या. पुण्यातलं घुबड आणि लेकीकडे अमेरिकेत पाहिलेलं घुबड आता दोन वेगळ्या जाती. दोन्ही ठिकाणं वहीत असतील, तर घरबसल्या यादीत एकाची भर पडली.