आई-बाबा अमेरिकेला निघालेत: विम्याचा कागद वाचताना

[दृश्य: व्हिसा अर्जाच्या कागदपत्रांची थप्पी. एकेक कागद उलटला जातोय.]

युरोपचा शेंगेन व्हिसा काढायला गेलं की कागदपत्रांच्या यादीतच प्रवास विमा असतो. किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं, तेही पूर्ण मुक्कामासाठी आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारं. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही. तिथल्या विमानतळावरचा अधिकारी बहुतेक वेळा सहा महिन्यांपर्यंतचा मुक्काम मंजूर करतो आणि आई-बाबा बाहेर पडतात. विमा काढलाय का, हे त्यांना कुणीही विचारलेलं नसतं.

आणि उपचारांचा खर्च तर तिथेच सगळ्यांत जास्त. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या नागरिकांना मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा आधार असतो, पण मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आपल्या आई-बाबांना ते लागू होत नाही. 1986 च्या कायद्यामुळे तिथलं रुग्णालय इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैशांअभावी परत पाठवू शकत नाही. तपासणी होते, जीव वाचवणारे उपचार होतात. बिल मात्र येतंच. रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, रुग्णवाहिकेचं आणखी वेगळं.

[दृश्य: नाशिकमधलं एक घर. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, दोन पासपोर्ट, गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा.]

उदाहरणादाखल एक जोडपं समोर ठेवू. बाबा 71 वर्षांचे. रक्तदाबाची गोळी रोज चालू, सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलेला. आई 66 वर्षांच्या, त्यांना मधुमेह. मुलगी न्यू जर्सीत, सातवा महिना लागलाय. मुक्काम पाच महिन्यांचा.

मुलीने फोनवर सांगितलंय, "बाबा, विमा मोठ्या रकमेचा काढा." म्हणून दोघं रकमा बघतायत. पन्नास हजार डॉलर, एक लाख, अडीच लाख, आणि प्रत्येकीखाली प्रीमियम. आई म्हणतात, "अहो, हा बघा, स्वस्त आहे आणि रक्कमही मोठी आहे."

स्वस्त का आहे, ते आतल्या पानांवर लिहिलेलं असतं. भारतात मिळणाऱ्या अनेक पॉलिसींत साठीनंतरच्या प्रवाशांसाठी पोटमर्यादा असतात. एजंट त्यांना सब-लिमिट म्हणतात. खोलीभाडं दिवसाला इतकंच, आयसीयू इतकंच, सर्जनची फी इतकीच, एका आजारावर एकूण खर्च इतकाच. वर एक लाख डॉलर छापलेले असले तरी खाली पैसे सुटतात ते या तक्त्याप्रमाणे. हा तक्ता जाहिरातीत नसतो, पॉलिसीच्या पूर्ण मसुद्यात असतो. म्हणून पैसे भरण्याआधी पूर्ण मसुदा मागवा. एजंट तो देत नसेल तर त्याच्याकडून घेऊच नका. टूर कंपनीने पॅकेजमध्ये दिलेल्या विम्यालाही हेच लागू. काही कंपन्या सब-लिमिट नसलेली पॉलिसी देतात. तिचा प्रीमियम जास्त असतो, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी तो वाचवण्यात अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: स्क्रीनवर प्रस्ताव अर्ज. 'पूर्वीपासूनचे आजार' या ओळीवर कर्सर थांबलाय.]

आता ही ओळ. बाबांचं बोट इथे अडलंय. शेजारी बसलेला एजंट हलक्या आवाजात सांगतो, "काका, स्टेंटचं लिहू नका. उगाच प्रीमियम वाढेल, नाहीतर मेडिकल करायला लावतील."

हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो, आणि तो घातक आहे. बाबांच्या छातीत दुखलं आणि त्यांना न्यू जर्सीतल्या इमर्जन्सीत नेलं, तर नर्स पहिल्या काही मिनिटांत काय विचारते? कोणती औषधं घेता, आधी काही शस्त्रक्रिया झालीय का, कसली ॲलर्जी आहे का. मुलगी घाबरलेली असते. ती सगळं खरं सांगते, आणि सांगायलाच हवं, कारण त्यावर उपचार ठरतात. नर्स ते टाइप करते. सहा वर्षांपूर्वीचा स्टेंट रुग्णालयाच्या नोंदीत जातो आणि तीच नोंद क्लेमच्या कागदांसोबत विमा कंपनीच्या टेबलावर येते. अर्जात 'नाही' आणि नोंदीत 'आहे'. क्लेम नाकारायला एवढं कारण पुरतं.

म्हणून सगळं लिहा. थायरॉइडची गोळी, जुनी हर्नियाची शस्त्रक्रिया, सगळं. आणि भरलेल्या अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा.

आजार लिहिला म्हणजे त्यावरच्या उपचारांचा खर्च मिळेलच, असंही नाही. बऱ्याच भारतीय पॉलिसी पूर्वीच्या आजारावर फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगातच पैसे देतात, आणि तेही वेगळ्या, लहान मर्यादेत. ती मर्यादा किती डॉलरची, हा प्रश्न विम्याच्या एकूण रकमेच्या आधी विचारायचा.

[दृश्य: न्यू जर्सी. मुलीच्या घरातला लॅपटॉप. दोन योजना शेजारी शेजारी उघडलेल्या.]

दुसरा मार्ग म्हणजे पाहुण्यांसाठीची अमेरिकन योजना. ती मुलगी तिथे बसून काढू शकते. यात दोन प्रकार येतात. पहिल्यात प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते. दुसऱ्यात सुरुवातीचा काही भाग तुम्ही भरायचा, त्याला डिडक्टिबल म्हणतात, आणि पुढच्या बिलाचा मोठा वाटा कंपनी उचलते.

फरक आकड्यांतच दिसतो. समजा चार दिवसांचं बिल 60,000 डॉलर झालं. पहिल्या प्रकारात दिवसाला 1,500 डॉलर ठरलेले असतील, तर खोलीचे 6,000 मिळतील, वर तपासण्या आणि डॉक्टरांच्या फीचे ठरलेले थोडे. बाकीचं मुलीच्या अंगावर. दुसऱ्या प्रकारात डिडक्टिबल 250 असेल आणि त्यानंतरच्या पहिल्या 5,000 डॉलरमधले 20 टक्के आपले आणि पुढचं सगळं कंपनीचं असेल, तर आपल्या खिशातून 250 अधिक 1,000, म्हणजे 1,250 जातील. हे आकडे हिशोब कळावा म्हणून घेतलेत. प्रत्येक योजनेचे वेगळे असतात, आणि सत्तरी किंवा ऐंशीनंतर कमाल रक्कम पुष्कळ खाली येते.

या योजनांत पूर्वीच्या आजारासाठी एक कलम असतं: जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका. त्याच्या अटी साधारण अशा. त्रास एकाएकी, कोणतंही पूर्वलक्षण नसताना सुरू झालेला हवा, आणि बहुतेक योजनांत 24 तासांच्या आत उपचार घेतलेले हवेत. हळूहळू वाढत गेलेला त्रास यात बसत नाही.

आपल्या आई-बाबांचा स्वभाव इथे आडवा येतो. पाय सुजलेत, जिना चढताना दम लागतोय, पण सांगायचं नाही. "तिचे दिवस भरत आलेत, तिला कशाला त्रास?" "गॅसेस असतील, उद्या बघू." असे चार दिवस जातात आणि पाचव्या रात्री रुग्णवाहिका बोलवावी लागते. डॉक्टरांच्या नोंदीत येतं, 'चार दिवसांपासून वाढता त्रास'. जिवाचा धोका वाढलेला असतो आणि विम्याचं कलमही हातचं गेलेलं असतं. काकू, काका, तुम्हाला कळकळीने सांगतो: तिथे दुखलं तर त्याच दिवशी सांगा. खर्चाच्या भीतीने तर मुळीच थांबू नका. पैशांची अडचण आलीच, तर ना-नफा रुग्णालयांना आर्थिक सवलतीचं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. बिल आल्यावर मुलांनी त्यासाठी अर्ज करावा.

[दृश्य: पॉलिसीची शेवटची पानं.]

एक ओळ घरात कुणी मोठ्याने वाचत नाही. पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च. तीही वाचा, त्यापुढची रक्कम बघा. परक्या देशात, दुःखात असलेल्या मुलांना त्या दिवशी पैशांची जुळवाजुळव करावी लागू नये.

तारखाही नीट बघून घ्या. भारतातली पॉलिसी सहसा निघण्यापूर्वीच काढावी लागते, आणि मुक्काम वाढला तर ती संपण्याआधी वाढवावी लागते. नेहमीच्या तपासण्या, दातांची कामं, चष्मा यांचा खर्च सहसा मिळत नाही. औषधं पूर्ण मुक्कामाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथल्या डॉक्टरला ओळखता येईलच असं नाही.

[दृश्य: आईंच्या पर्समध्ये एक घडी घातलेला कागद जातो. तसाच दुसरा बाबांच्या खिशात.]

या कागदावर पॉलिसी क्रमांक, कंपनीचा 24 तासांचा मदत क्रमांक, आजार, औषधं, ॲलर्जी आणि मुलीचा फोन. रुग्णालयात भरती झाल्यावर पहिल्या संधीला त्या मदत क्रमांकावर कळवायचं. उशिरा कळवलं तर पुढे अडचण येते.

एवढं करूनही क्लेम नाकारला गेला तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं, शुल्क नाही, वकील लागत नाही. अमेरिकन योजना मात्र आपल्या लोकपालांच्या कक्षेत येत नाही. तिच्याविषयीची तक्रार तिथल्या राज्याच्या विमा विभागाकडे करायची आणि ती मुलीने करायची. दोन्हीकडे जोडायचे कागद जवळपास सारखेच: पॉलिसीचा मसुदा, नकाराचं पत्र, रुग्णालयाच्या नोंदी, आणि बाबांनी स्टेंटसकट खरा भरलेला तो अर्ज.