रुसलेलं प्रवाळ

(टिळकवाडीतलं घर. निळ्या उजेडातली टाकी.)

बेळगावकराला समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोवा गाठावा लागतो. हा समुद्र मात्र बादलीत कालवलेला. नळाला येणारं राकसकोपचं पाणी प्यायला गोड, पण त्यातलं क्लोरीन इथे चालत नाही. म्हणून आरओचं पाणी आणि पाकिटातलं समुद्री मीठ. क्षारता, म्हणजे खारटपणा, हजार भागांत पस्तीस.

घरी आलेल्या काकी काचेवर टकटक करून विचारतात, "दगडाला कसला आलाय बाई आजार?"

दगड नव्हे काकी, प्राणी. एकाच बुंध्यावर शेकडो पॉलिप, म्हणजे फुलासारखे इवले जीव, आणि त्यांच्या मांसात राहणारी सूक्ष्म शैवालं. ती उजेडावर अन्न तयार करतात, त्यातला मोठा वाटा प्रवाळाच्या पोटात जातो.

(जवळून: लेदर कोरल.)

हे लेदर, चामड्यासारखं दिसणारं मऊ प्रवाळ. आठवडाभर पॉलिप मिटलेले, अंगावर मेणचट, चकचकीत पापुद्रा. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि औषधाच्या बाटल्या ओतायला लागतो. खरं तर ते कात टाकतंय. पंप जरा त्याच्या दिशेने वळवायचा, पाण्याच्या झोताने पापुद्रा निघून जातो. बाकी हात लावायचा नाही.

पण बुंध्यावर काळपट डाग दिसला, मांस लिबलिबीत लागलं, तुकडा बाहेर काढल्यावर कुजका वास आला, तर ते सडतंय. इथे थांबून चालत नाही. टाकीबाहेर, धारदार ब्लेडने सडका भाग काढायचा, त्याला लागून असलेला थोडा चांगला भागही जाऊ द्यायचा. मग आयोडीनच्या पाण्यात बुडवून परत टाकीत. हातमोजे आणि चष्मा हवाच. झोअँथिड, म्हणजे दगडावर झुपक्याने वाढणारे बटणासारखे पॉलिप, असेल तर जास्तच, कारण त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. झोअँथिड चिकटलेला दगड साफ करायला कुणी उकळत्या पाण्यात टाकू नये. त्या वाफेने घरातली माणसं दवाखान्यात पोचू शकतात.

(पांढुरके मशरूम कोरल.)

हे तिसरं दुखणं. पाणी तापलं किंवा नवा दिवा एकदम पूर्ण जोरात लावला की शैवालं बाहेर पडतात, रंग उडतो. नीट बघा: मांस जागेवर आहे, फुगलेलंही आहे. म्हणजे जीव आहे, फक्त उपाशी आहे. दिवा मंद करायचा, बारीक खाद्य थोडंथोडं द्यायचं. रंग परत यायला आठवडे, कधी महिने लागतात.

दुकानातल्या रंगीत बाटल्यांवर माझा विश्वास कमीच. आधी तापमान, क्षारता, क्षारीयता (अल्कलिनिटी), नायट्रेट मोजा. काही बिघडलेलं दिसलं तर दहा टक्के पाणी बदला आणि दोन-चार दिवस बघा. आकडा एका दिवसात जागेवर आणायच्या घाईने जितकी प्रवाळं जातात, तितकी चुकलेल्या आकड्याने जात नसावीत.

आणि एक. मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला गेलात तर तुकडा खिशात घालू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळं २००१ पासून आहेत. माझ्या टाकीत दिसतात ती सगळी मऊ जातीची.

(मे महिन्याची दुपार. टाकीवर फिरणारा पंखा.)

बेळगावची हवा थंड, हे एप्रिल-मेमध्ये टाकीला सांगून उपयोग नाही. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राहावं. तिशीकडे सरकलं की पॉलिप आक्रसतात. पृष्ठभागावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी वाफ होऊन उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.

वळवात लाईट गेली की इन्व्हर्टरवर आधी पंप. दिवा संध्याकाळपर्यंत बंद राहिला तरी चालतो. पाणी थांबलं की प्राणवायू घटतो आणि मासे आधी वर येऊन तोंड उघडायला लागतात.