पिंजरा उघडण्याआधी

मंडळी, पोपटांची तस्करी पकडली गेली की दुसऱ्या दिवशी हमखास फोटो येतो: पिंजऱ्याचं दार उघडं, पोपट बाहेर. पंख कापलेला पोपट त्या दारातून फार तर कुंपणापर्यंत जातो. तिथे कावळे आणि मांजरं असतात.

देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 पासून बंदी आहे, तरी हिवाळा सरू लागला की पिल्लं चोरणारे झाडांच्या ढोल्या रिकाम्या करू लागतात. हात आत पोचला नाही तर फांदीच तोडतात, म्हणजे पुढच्या हंगामाचं घरटंही जातं. पिल्लं दिसली तर वनविभागाच्या 1926 वर कळवा. पंचनाम्यानंतर ती 'मुद्देमाल' असतात, परस्पर कुणी सोडायची नसतात.

बचाव केंद्रात पिल्लं आली की घाई होते ती भरवायची, आणि पिल्लं दगावतात ती तिथेच. क्रम असा: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. पिसं न आलेल्या पिल्लाला 34 ते 36 अंश ऊब लागते. गार पडलेल्या पिल्लाला भरवलं तर गळ्याखालच्या पिशवीत अन्न तसंच राहतं आणि आंबतं. पिल्लू उबदार झालं की क्षारयुक्त कोमट द्रव, तो पुढे सरकला की पातळ खाद्य.

एका वेळी वजनाच्या साधारण दहा टक्के. 60 ग्रॅमच्या पिल्लाला 6 मिली. खाद्य 39-40 अंशांवर हवं. मायक्रोवेव्हमध्ये ते कुठे गार, कुठे कढत राहतं; पिशवी भाजल्याचं काही दिवसांनी, वरून कातडी काळी पडल्यावर कळतं. गरम पाण्यात वाटी ठेवा, ढवळा, थर्मामीटर लावा. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने घालून रोख उजवीकडे ठेवा, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाने उतरते. रात्रभरात पिशवी एकदा पूर्ण रिकामी झालीच पाहिजे.

त्यांच्याशी बोलू नका. दोन-चार पिल्लं एकत्र वाढवा. माणसाला पाहून खांद्यावर उतरणारा पोपट सोडला की आठवड्याभरात पुन्हा कुणाच्या तरी पिंजऱ्यात असतो.

मोठ्या पक्ष्यांचं दुखणं वेगळं. कापलेलं पीस नखासारखं वाढत नाही. त्याचा खुंट गळेपर्यंत, म्हणजे पुढच्या पीसगळीपर्यंत, कित्येक महिने थांबावं लागतं. पंखाच्या टोकाची दहाही मोठी पिसं छाटली असतील तर नव्या कोंबाला शेजारच्या पिसाचा आधार नसतो. रक्त भरलेला तो कोंब जाळीवर आपटून तुटतो. म्हणून अशा पक्ष्याला आधी छोटा, कापड लावलेला पिंजरा. खुंट उपटायचा मोह टाळा. पिसाचं मूळच दुखावलं तर तिथे पुन्हा सरळ पीस येत नाही. ते काम भूल देऊन पशुवैद्यानेच करावं.

सर्व नवे पक्षी वेगळे ठेवायचे, मास्क लावून साफसफाई करायची. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेतून माणसाला न्यूमोनियासारखा आजार होतो. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर राहिलेल्यांना ज्वारी-बाजरीची कणसं, पेरू, शेंगा, फुलोऱ्याच्या फांद्या द्या. फोडी करून देऊ नका, सोलायला शिकू द्या.

मग वीस-पंचवीस फूट लांबीचा उडण्याचा पिंजरा. चार-पाच फेऱ्यांत चोच उघडून धापा टाकणारा पक्षी अजून तयार नाही. न धापता वळणं घेऊ लागला, की न्यायालयाच्या परवानगीने, त्याच जातीचे थवे जिथे उतरतात तिथे, पाऊस नसलेल्या सकाळी दार उघडायचं आणि पुढचे काही दिवस खाद्य तिथेच ठेवायचं.