लाल होण्याची वेळ

(दृश्य : पक्ष्यांना पाणी प्यायला ठेवलेलं दगडी भांडं. पाणी आटलंय. तळाशी लालसर थर.)

निवेदन :
हा गंज नाही. भांडं दगडाचं आहे, त्याला गंज चढणार कुठून? पावसाचं पाणी यात साचलं, काही दिवस हिरवट दिसलं, मग ऊन तापलं. पाणी आटत गेलं आणि तळाशी हे एवढंच उरलं. बोटानं खरवडलं, तर विटेच्या भुकटीसारखी पूड नखात येते.

कुणीही घासून धुऊन टाकेल असा हा थर. पण यातला रंग तेलात उतरवून, लालभडक कॅप्सूलमध्ये भरून जगभर विकला जातो. बाटलीवर शब्द असतात : वनस्पतिजन्य, नैसर्गिक, अँटिऑक्सिडंट. या तिन्ही शब्दांच्या मागे काय आहे, ते आपण आज बघणार आहोत. सुरुवात या भांड्यापासूनच करू.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली लाल गोल पेशी. मग हिरव्या, पोहणाऱ्या पेशी.)

निवेदन :
हे सूक्ष्मशैवाल. नाव हिमॅटोकॉकस प्लुव्हिॲलिस. नाव जड आहे, अर्थ मात्र सोपा : पावसाच्या पाण्यातला रक्तवर्णी दाणा.

दिवस चांगले असतात तेव्हा ही पेशी लाल नसतेच. ती हिरवीगार असते. पुढच्या टोकाला दोन बारीक कशाभिका, म्हणजे चाबकासारखे धागे, त्या हलवत ती पाण्यात सुळसुळ पोहते. पाणी आहे, नायट्रोजन आहे, ऊन बेताचं आहे, तोवर तिचं काम एकच : वाढायचं आणि विभागायचं.

मग पाणी आटू लागतं. नायट्रोजन संपतो. ऊन मात्र वाढतच जातं. आता पळून जायला जागा नाही. पेशी पोहणं थांबवते, कशाभिका टाकून देते, गोल होते आणि स्वतःभोवती जाड कवच उभं करते. आत तेलाचे थेंब साठू लागतात. आधी केंद्रकाभोवती, जिथे तिचा डीएनए असतो तिथे. या थेंबांमध्ये एक लाल रंगद्रव्य विरघळलेलं असतं : अस्टाझॅन्थिन. हळूहळू सगळी पेशी लाल होते.

इथे थोडं थांबू या, कारण मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त हेच आवडतं. लाल झालेल्या पेशीवर प्रखर प्रकाश टाकला, की मधले तेलाचे थेंब काठाकडे सरकतात. प्रकाश कमी केला, की पुन्हा मध्यभागी येतात. खिडकीत उभं राहून कुणी पडदा ओढावा आणि सरकवावा, तसं. डोळ्यांनाही न दिसणारी एकच पेशी, पण उन्हापासून स्वतःला कसं झाकायचं हे तिला नेमकं कळतं.

(दृश्य : रेषांनी काढलेला कार्बनचा लांब साखळदंड, हळूहळू रंग भरत जातो.)

निवेदन :
झाकायचं म्हणजे कशापासून? प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रत्येक पेशीला ऊन हवंच असतं. पण क्लोरोफिलला पेलवेल त्यापेक्षा जास्त ऊन पडलं, तर उरलेली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनकडे जाते. साधा ऑक्सिजन मग आक्रमक होतो. पेशीतली प्रथिनं, मेदाची आवरणं, डीएनए, जे समोर येईल त्याची नासधूस करतो.

अस्टाझॅन्थिन कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांच्या गटातलं. कॅरोटिनॉइडचा रेणू म्हणजे कार्बनची लांब साखळी. तिच्यात एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, परत एकेरी, परत दुहेरी, अशी माळ असते. ही माळ आक्रमक ऑक्सिजनकडची जादा ऊर्जा स्वतःकडे घेते आणि उष्णतेच्या रूपात सोडून देते. रेणू मात्र शाबूत राहतो, पुढच्या खेपेला तयार. आक्रमक ऑक्सिजनला असं शमवणाऱ्या पदार्थाला अँटिऑक्सिडंट म्हणतात. तीच माळ निळा-हिरवा प्रकाश शोषते, म्हणून आपल्याला हे पदार्थ पिवळे, नारिंगी, लाल दिसतात. म्हणजे जो गुण रंग देतो, तोच संरक्षणही देतो.

१८३१ साली वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञानं गाजरातून असा एक रंग वेगळा काढला. त्यावरून नाव पडलं कॅरोटीन. अस्टाझॅन्थिनची ओळख १९३८ साली पटली, तीही लॉबस्टरमधून. ताजा लॉबस्टर निळसर-काळा असतो आणि उकळला की लाल होतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. लाल रंग बाहेरून येत नाही. तो कवचात असतोच, एका प्रथिनानं घट्ट धरून ठेवल्यामुळे निळा दिसतो. उष्णतेनं प्रथिनाची पकड सुटते आणि रंग मोकळा होतो. फ्लेमिंगोची गुलाबी पिसं, सामन माशाचं गुलाबी मांस, या सगळ्यांचा रंग अन्नातून येतो. अन्नसाखळीत मागे मागे गेलं, की कुठेतरी शैवालाशीच पोचतो.

(दृश्य : आकाशातून दिसणारं गुलाबी सरोवर. काठावर मिठाचा पांढरा पट्टा.)

निवेदन :
दुसरं शैवाल खाऱ्या पाण्यातलं. डुनालिएला सलिना. फ्रान्समधल्या माँपेलियेच्या वनस्पतिशास्त्रज्ञ द्युनाल यांनी १८३८ साली भूमध्य समुद्राकाठच्या मिठागरांतलं लाल पाणी तपासताना ते पाहिलं. पुढे १९०५ साली रुमानियाच्या टिओडोरेस्को यांनी त्याला द्युनाल यांचंच नाव दिलं.

समुद्राच्या कितीतरी पट खारट पाण्यात दुसरी पेशी ठेवली, तर तिच्यातलं पाणी बाहेर शोषलं जाऊन ती सुकून जाईल. डुनालिएलाला तर कडक भिंतसुद्धा नाही, नुसतं पातळ आवरण. तरी ती जगते, कारण ती आत ग्लिसरॉल नावाचा पदार्थ साठवून बाहेरच्या मिठाचा तोल सांभाळते. आणि उन्हाशी सामना करायला बीटा-कॅरोटीन, म्हणजे कॅरोटीनचाच एक प्रकार, बनवते. परिस्थिती पुरेशी कठीण असेल, तर वाळवलेल्या पेशीच्या वजनाचा सुमारे १० टक्के भाग निव्वळ बीटा-कॅरोटीन असू शकतो. गाजर या आकड्याच्या जवळपासही येत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियातलं हट लगून हे असंच गुलाबी सरोवर. तिथे उथळ, उघड्या तळ्यांमध्ये डुनालिएला वाढवली जाते. पाणी इतकं खारट असतं की तिच्याशी स्पर्धा करणारे जीव फारसे तग धरत नाहीत. राखणीचं निम्मं काम मीठच करतं.

(दृश्य : वाळवंटात काचेच्या नळ्यांच्या रांगा. काही हिरव्या, काही गडद लाल.)

निवेदन :
हिमॅटोकॉकसचं तसं नाही. ते गोड्या पाण्यातलं. उघड्यावर ठेवलं तर बुरशी, इतर शैवालं, सूक्ष्म भक्षक, सगळे तुटून पडतात. म्हणून इस्राएलच्या अरावा वाळवंटात ते बंद काचेच्या नळ्यांत वाढवतात. हवाई बेटावर कोनाच्या किनाऱ्याला तळ्यांचीही पद्धत आहे.

शेती दोन टप्प्यांची. पहिल्या टप्प्यात लाड : खत, कार्बन डायऑक्साइड, बेताचा प्रकाश. नळ्या हिरव्यागार होतात. दुसऱ्या टप्प्यात मुद्दाम उपासमार. नायट्रोजन तोडायचा, उन्हाचा मारा वाढवायचा. काही दिवसांत नळी हिरव्याची तपकिरी आणि तपकिरीची लाल होते. दगडी भांड्यात जे आपोआप घडलं, तेच इथे ठरवून घडवतात.

मग पेशी गोळा करायच्या, आणि ते जाड कवच फोडायचं. हे काम टाळता येत नाही, कारण कवच न फुटलेली पेशी आपल्या पोटातून बऱ्याच अंशी तशीच बाहेर पडते. फोडलेल्या पेशी वाळवून, प्रचंड दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं त्यातलं तेल काढतात. अशा दाबाखाली हा वायू द्रवासारखा वागतो, रंग विरघळवून घेतो, आणि दाब काढला की उडून जातो. मागे उरतं दाट, काळपट-लाल तेल. त्याला ओलिओरेझिन म्हणतात. एक थेंब बोटाला लागला, तर साबणानं दोनदा धुवूनही नखाच्या कडेला लाली राहते.

(दृश्य : तळहातावर एक लाल कॅप्सूल. बाटली फिरवून मागची बाजू.)

निवेदन :
आता ती बाटली. 'व्हिटॅमिन सीच्या ६००० पट शक्तिशाली' असं जाहिरातींत सर्रास वाचायला मिळतं. हा आकडा परीक्षानळीतला आहे. आक्रमक ऑक्सिजनच्या एका विशिष्ट प्रकाराला शमवण्याची ती तुलना. नळीत जठर नसतं, यकृत नसतं, रक्त नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची एक मोठी यादी लोकांसाठी खुली ठेवली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती काढून टाकली, कारण असे आकडे जाहिरातींसाठी वापरले जात होते आणि त्यावरून माणसाच्या शरीरात काय होईल हे सांगता येत नव्हतं.

शरीरात काय होऊ शकतं, याचा सर्वांत कठोर धडा फिनलंडमध्ये मिळाला. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर तिथे मोठा अभ्यास झाला. अपेक्षा अशी, की रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. १९९४ साली निकाल आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये हाच कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात बीटा-कॅरोटीनबरोबर व्हिटॅमिन ए दिलं होतं. तिथेही उलटंच घडलं आणि तो ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला.

या अभ्यासांतलं बीटा-कॅरोटीन कारखान्यात बनवलेलं होतं, शैवालातलं नव्हतं. डुनालिएलातलं बीटा-कॅरोटीन दोन वेगळ्या घडणींच्या रेणूंचं मिश्रण असतं, हे खरं. पण 'आमचं नैसर्गिक आहे, म्हणून आम्हाला हे लागू नाही', असं म्हणायला तेवढं पुरत नाही. जो कुणी सिगारेट ओढतो किंवा पूर्वी खूप ओढायचा, त्यानं बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांपासून लांबच राहावं. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

बीटा-कॅरोटीनसारखं अस्टाझॅन्थिनचं शरीरात व्हिटॅमिन ए होत नाही, त्यामुळे त्याची गोष्ट थोडी वेगळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं प्रौढांसाठी दिवसाला ८ मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित मानली आहे. सुरक्षित मानणं आणि उपयोग सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्वचा, डोळ्यांचा थकवा, व्यायामानंतरची झीज यांवर अभ्यास झाले आहेत, काही आशादायकही आहेत. पण बरेचसे थोड्या माणसांवर आणि थोड्या आठवड्यांचे. त्यावरून कुणी आजार बरा करण्याचं वचन देत असेल, तर ते वचन अभ्यासाच्या फार पुढे गेलेलं आहे. गरोदर असाल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला.

(दृश्य : लेबलवरची बारीक अक्षरं, भिंगातून.)

निवेदन :
भिंग घेऊन हे जरा जवळून वाचू. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलंय ४० मिलिग्रॅम. मागे बारीक अक्षरात : ओलिओरेझिन, १० टक्के अस्टाझॅन्थिन. म्हणजे हातात पडतं ४ मिलिग्रॅम. बाकीचं शैवालाचं तेल. यात फसवणूक असेलच असं नाही, पण दोन बाटल्यांच्या किमती ताडून बघताना हा हिशेब केला नाही, तर तुलना चुकते.

त्याखाली कॅप्सूलचं आवरण. इथे खूप जण गाफील राहतात. आत शैवालाचं तेल, आणि बाहेरून जिलेटिन. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून बनतं. ज्यांनी शाकाहारी म्हणून ही बाटली उचलली, त्यांच्यासाठी ही बारीक ओळ सर्वांत महत्त्वाची. वनस्पतिजन्य स्टार्चची किंवा सेल्युलोजपासून बनवलेली आवरणंही मिळतात, पण तसं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. आणि काटेकोर बोलायचं, तर ही शैवालं म्हणजे आपल्या ओळखीच्या झाडाझुडपांसारख्या वनस्पतीही नव्हेत. मूळ, खोड, पान काहीच नसलेली, प्रकाशावर जगणारी एकेक पेशी.

कॅरोटिनॉइड पाण्यात विरघळत नाहीत. रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेतलेल्या कॅप्सूलचा फार थोडा भाग रक्तात पोचतो. जेवणात थोडं तेल-तूप असेल, तर शोषण सुधारतं.

(दृश्य : गडद तपकिरी काचेची बाटली. झाकण लागतं. कपाटाचं दार बंद होतं.)

निवेदन :
बाटली गडद रंगाची का असते? पेशीच्या आत, तेलाच्या थेंबात, कवचाआड हा रंग उन्हाशी दिवसचे दिवस झुंजत होता. पेशीतून बाहेर काढल्यावर त्याला ऊन सोसत नाही, हवा सोसत नाही, उष्णताही सोसत नाही. उघड्यावर तो तुटत जातो आणि फिका पडतो. म्हणून झाकण घट्ट लावायचं, आणि बाटली अंधारात, गारव्याला ठेवायची.