लाल टोपण, केशरी टोपण

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते बऱ्याच वर्षांनी परत वॉर्डात उभं राहण्याबद्दल. नर्सिंग मी सोडलेलं नव्हतं हां, इस्पितळातच होते, पण 2012 पासून अकरा वर्षं खालच्या मजल्यावर क्लेमच्या खिडकीमागे. सरकारी आरोग्यविम्याचं दीनदयाळ कार्ड आलं तशी खिडकीसमोरची रांग पार गेटपर्यंत जायची, आणि मी आपली फाईल उघड, फाईल मिट. कागदावरच्या पेशंटचं बरं असतं, त्याला वास नसतो आणि तो मध्येच उलटीही करत नाही.

2023 मध्ये परत वर गेले, फिमेल मेडिकलला. पहिल्या दिवशी कळलं, कॅन्युलाचे, म्हणजे सलाइन लावायच्या नळीचे, रंग तेच आहेत, नंबरही तेच, हिरवी अठरा, गुलाबी वीस, निळी बावीस, तेवढाच काय तो जीवाला आधार. बाकी सगळं हललेलं. कचऱ्याच्या बादल्यांचे रंग 2016 च्या नियमांनी बदलले होते, ग्लोव्हज लालमध्ये, काच निळ्यात, सुई पांढऱ्या डब्यात, आणि मी आठवडाभर प्रत्येक बादलीसमोर देवळात उभी राहिल्यासारखी उभी. सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून जीव वाचवायचा उपाय, त्यात आम्ही शिकलो तेव्हा आधी श्वासाची वाट मोकळी करायची, आता आधी छाती दाबायची, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल. पुतळ्यावर दोन मिनिटं केलं आणि मलाच ऑक्सिजन लावायची पाळी आली. शूज मात्र चांगले घ्या, कोणी परत येणार असाल तर. पुस्तकं मागाहून वाचा, शूज आधी.

तर मला आज तुम्हाला नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, गोष्ट सांगायचीय.

गणपतीची चवथ होऊन महिना झाला असेल. पेडण्याकडची एक आजी ॲडमिट झाली, सत्तरी ओलांडलेली, केसात अबोलीचा वळेसर, शुगर चारशेच्या आसपास. सोबत मुलगा आणि सून. मुलगा दारातूनच सुरू, सिस्टर, हिला जरा तुम्हीच सांगा, चवथीच्या नेवऱ्यांचा डबा हिनं संपवलाय, वर कबूल करत नाही. सुनेनं म्हणे शेवटी डबा कपाटात घालून कुलूप लावलं. आजी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "बाय, हांवें एकूय नेवरी खांवक ना. देवाची आण." आता डायबेटिसवाल्यांच्या शपथा मी पुष्कळ ऐकल्यात. उशीखाली मोयऱ्याची केळी सापडलेली माणसंसुद्धा देवाचीच आण घेतात. (आणि भेटायला येणाऱ्यांनो, तुम्ही ती केळी आणता कशाला हो? डझनभर माणसं, डझनभर केळी, आणि पेशंटला डॉक्टरनं सांगितलेलं असतं काहीच नको.) मी पण मान डोलावली आणि मनात म्हटलं, खाल्ल्या असणार.

जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं होतं, वीस युनिट. लॉकरवर बाटली होती, सिरिंजचं पाकीट होतं, सुनेनं घरून आणलेलं. हात आपोआप चालतो हो अशा वेळी. बाटली दोन तळव्यांत फिरवली, रबर पुसलं, वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, आणि तेवढ्यात शेजारच्या बेडवरून आमची ज्युनिअर, माझ्या मुलीच्या वयाची, म्हणाली, "मॅडम, टोपण बघा."

टोपण केशरी होतं.

श्रोतेहो, इथं जरा रेडिओचा आवाज वाढवा. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या इन्सुलिनची, केशरी टोपणाची शंभरच्या. परत सांगते, लाल चाळीस, केशरी शंभर. बाटलीवर छापलेलं असतं, एका मिलीत किती युनिट ते. आजीची बाटली चाळीसची. म्हणजे केशरीत वीसच्या रेघेपर्यंत भरलं की पोटात जाणार फक्त आठ. उलटं झालं, शंभरचं इन्सुलिन लालमधून, तर विसाच्या जागी पन्नास, आणि मग माणूस घामाघूम होऊन बेशुद्धच पडायचा.

माझे कान गरम झाले. अकरा वर्षांनी आलेली सिनिअर मी, आणि आकडा बघितला, टोपण बघितलंच नाही. पण लाज वाटून होते ना होते तोच डोक्यात आलं, अगो, हे पाकीट तर घरातलं! सुनेला विचारलं, ही सिरिंज कधीपासून? ती म्हणाली, चवथीच्या आदल्या आठवड्यात नेहमीची मिळाली नाही, दुकानदार म्हणाला हीच घ्या, सगळ्या सारख्याच.

सारख्याच! महिनाभर त्या म्हातारीला औषध मिळत होतं निम्म्याहून कमी आणि शिव्या मिळत होत्या पुरेपूर.

ज्युनिअर लगेच लाल सिरिंज आणायला निघाली, तिला मी थांबवलं. फाईल वाचायची अकरा वर्षांची खोड, ओपीडीचा कागद सकाळीच वाचला होता. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टरनी मधल्या काळात चौदाचे वीस केले होते. म्हणजे डोस वाढला तो नेवऱ्यांमुळे नाही, टोपणामुळे, आणि आता बरोबर सिरिंजमधून एकदम पूर्ण वीस दिले तर? डॉक्टरना फोन केला. ते एक क्षण गप्प झाले, मग म्हणाले चौदा द्या आणि शुगर बघत राहा. भरलेली सिरिंज टाकून दिली. रजिस्टरमध्ये माझी चूक माझ्याच हातानं लिहिली, न टोचलेल्या इंजेक्शनचीही चूक लिहायची असते.

चार दिवसांत शुगर दोनशेच्या खाली. जेवण तेच, आजी तीच.

घरी इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा, बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरा आणि दोन्हीवरचा आकडा मोठ्यानं वाचा. चाळीसला चाळीस, शंभरला शंभर. दुकानदार काहीही म्हणो.

मुलाला मी बाजूला घेऊन सगळं समजावलं. तो बिचारा नुसता चपला बघत उभा राहिला. आजीला मात्र बाजूला घेतलेलं चालणार नव्हतं, तिला सगळ्या वॉर्डासमोर हवं होतं. डिस्चार्जच्या दिवशी वळेसर नीट करून बेडवर बसली, समोरच्या बेडवरच्या बाईला, मावशीला, चहावाल्या पोराला थांबवून ठेवलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "आतां सांग ताका."

मी सांगितलं, खणखणीत आवाजात, आजीनं नेवऱ्या खाल्ल्या नाहीत.

"परत सांग," आजी म्हणाली.