गच्चीवर थांबलेलं पाखरू

श्रोतेहो, नमस्कार. नाताळच्या सुट्टीत मुलांबरोबर बसून काय बघावं, असं कुणी विचारलं की मी एक जुना कार्यक्रम सुचवते. 'ख्रिसमस ईव्ह ऑन सेसमी स्ट्रीट'. 3 डिसेंबर 1978 रोजी तो अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. तासाभराचा खेळ, निम्मी पात्रं माणसं आणि निम्मी बाहुल्या. ही सेसमी स्ट्रीट म्हणजे मुलांच्या एका मालिकेतली गल्ली, आपल्याकडे 2006 साली 'गली गली सिम सिम' होऊन आलेली.

गोष्ट सुरू होते ती एका खोडीपासून. कचऱ्याच्या पिंपात राहणारा तिरसट ऑस्कर बिग बर्ड नावाच्या भल्यामोठ्या पाखराला विचारतो, सांताक्लॉज एवढा लठ्ठ, मग तो अरुंद धुराड्यातून खाली येतो कसा? आणि नाहीच आला, तर भेटी कुठल्या? झालं! बिग बर्ड दिसायला थोराड, पण मनाने सहा वर्षांचं मूल. त्याच्या डोक्यातून हा प्रश्न जाईना. शेवटी सांताची वाट बघत तो बर्फाळ रात्री गच्चीवर जाऊन बसतो, आणि खाली सगळी गल्ली त्याला शोधत फिरते.

या बाहुल्या चालतात कशा, हे सांगायला हवं. आपल्याकडे रामदास पाध्ये अर्धवटरावांना घेऊन आपल्यासमोर बसतात आणि ओठ न हलवता बोलतात. इथे बाहुलीकार कॅमेऱ्याच्या चौकटीच्या खाली लपलेला असतो. बाहुली डोक्यावर उचलून धरायची आणि समोरच्या टीव्हीच्या पडद्यावर बघत तिला जिवंत करायचं. बिग बर्ड मात्र 8 फूट 2 इंच उंच, त्याच्या पोटातच कॅरल स्पिनी उभे. उजवा हात सतत डोक्यावर, कारण पाखराची मान आणि चोच म्हणजे तो हात. बाहेरचं दिसावं म्हणून छातीला बांधलेला छोटा टीव्ही. एवढ्या अवघडलेल्या माणसाने केवळ मानेच्या कलण्यातून लहान मुलाची काळजी दाखवली. आपण हसत असतो आणि पोटात कालवाकालवही होत असते.

निव्वळ हसवणारे प्रसंगही आहेत. कुकी मॉन्स्टर हा खादाड राक्षस सांताला पत्र लिहायला बसतो आणि पेन्सिल खाऊन टाकतो. मग टाइपरायटर खातो. फोन करायला जातो, तर फोनही खातो. केर्मिट बेडूक खऱ्याखुऱ्या मुलांना धुराड्याचं कोडं घालतो, तेव्हा मुलं आपापले तर्क अगदी गंभीरपणे मांडतात. ती उत्तरं कुणी लिहून दिलेली वाटतच नाहीत.

माझा सगळ्यात आवडता भाग बर्ट आणि अर्नी या दोन मित्रांचा. बर्टच्या यू-पिना ठेवायला सिगारचा डबा हवा, म्हणून अर्नी आपलं लाडकं रबरी बदक दुकानदार मिस्टर हूपरना देऊन टाकतो. तिकडे बर्टही त्या बदकासाठी साबणदाणी घ्यायला सगळ्या यू-पिना देऊन बसतो. कल्पना ओ. हेन्रींच्या 'द गिफ्ट ऑफ द मॅगी' या कथेची; तिथेही नवरा-बायको एकमेकांच्या भेटीसाठी आपापली लाडकी गोष्ट विकून बसतात. पण त्या कथेत गेलेलं परत येत नाही. इथे मिस्टर हूपर स्वतः त्यांच्या घरी येतात आणि दोघांना त्यांच्याच वस्तू भेट म्हणून देतात. त्यांना द्यायला या दोघांकडे काहीच नसतं, पण मिस्टर हूपर मनापासून खूश असतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. मित्रासाठी जीव टाकणाऱ्या मुलांकडे एका मोठ्या माणसाचं लक्ष आहे, हे लहान प्रेक्षकाला समजतं. आणि हे मिस्टर हूपर ज्यू आहेत बरं का! गल्लीतला बॉब त्यांना ज्यूंच्या हनुका सणाच्या शुभेच्छा देतो, तेही अगदी सहज.

हूपरची भूमिका करणारे विल ली 1982च्या डिसेंबरमध्ये वारले. मालिकेने त्यांच्या जागी दुसरा नट आणला नाही. पुढच्या वर्षी मिस्टर हूपर वारले, ते आता परत येणार नाहीत, असं बिग बर्डला, आणि त्याच्याबरोबर मुलांना, सरळ सांगितलं. मुलांच्या प्रश्नाला टोलवायचं नाही, हा बाणा नाताळच्या कार्यक्रमातही आहे.

सांता दिसला का? नाही. बिग बर्ड थंडीने काकडून खाली येतो, तोवर भेटी आलेल्या असतात. कशा आल्या, ते कुणीच सांगत नाही. खोडी काढणारा ऑस्करही एव्हाना त्याच्या काळजीने वणवण फिरून आलेला असतो. पण सगळं सुरळीत झाल्याबरोबर तो नवा प्रश्न टाकतो: ईस्टरच्या सणाला मुलांसाठी अंडी लपवणारा ससा एवढी अंडी लपवतो तरी कशी?

नमस्कार.